पीपी नंबरचा कॉलम

तर मंडळी, या शनिवारचा विषय एकदम रुक्ष आहे. फोन नंबर. धंद्याच्या डेटाबेसमध्ये गिऱ्हाइकाचा फोन नंबर कसा ठेवायचा, एवढाच. ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचावा म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. मोबाईल नंबर म्हणजेच गिऱ्हाईक असं धरून त्या कॉलमला 'युनिक' करणं, किंवा त्याहून वाईट म्हणजे थेट 'प्रायमरी की' करणं, हा चुकीचा निर्णय आहे. आणि तो निर्णय घेणारा आपल्यासारखा एसीत बसलेला माणूस असतो, पण त्याचे पैसे भरतो तो वेगळाच कोणीतरी.

हे सगळं डोक्यात आलं मामाच्या दुकानामुळे. मामाचं मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या बाजूला कृषी सेवा केंद्र आहे. भाताचं बियाणं, खतं, औषधं, फवारणीचे पंप. निम्मं गिऱ्हाईक मुरबाडचं, निम्मं किन्हवलीकडचं, म्हणजे शहापूर तालुक्यातलं. गेल्या वर्षी त्यानं बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, एका छोट्या कंपनीचं. जुन्या वहीतली तीनएकशे खाती त्यात चढवायची होती आणि खानदानात इंजिनिअर मी. (घरात इंजिनिअर असला की मिक्सरपासून डेटाबेसपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात.) दोन रविवारचं काम वाटलं होतं. चार महिने लागले, आणि त्यातले साडेतीन महिने फक्त फोन नंबरांनी खाल्ले.

पहिली भानगड अगदी बाळबोध आहे, आपल्यातल्या बहुतेकांना माहीत असेल. फोन नंबर हा 'नंबर' नाही. त्याची बेरीज करत नाहीत, सरासरी काढत नाहीत. तरी लोक तो आकडा म्हणून साठवतात. ३२ बिटांच्या साध्या इंटिजरमध्ये सगळ्यात मोठा आकडा मावतो तो २१४७४८३६४७. आता गंमत बघा. पुण्याचा लँडलाइन नंबर कोडसकट, पुढचा शून्य काढून लिहिला तर २०२ ने सुरू होतो, म्हणजे दोनशे दोन कोटींच्या घरात. मावतो! मुंबईचा २२२ ने सुरू होतो, तो नाही मावत. मुरबाडचा कोड ०२५२४ आणि शहापूरचा ०२५२७, तेही नाही मावत. मोबाईलचं तर विचारूच नका. म्हणजे पुण्यात बसून स्वतःच्या घरच्या लँडलाइनवर टेस्टिंग करणाऱ्याला सगळं आलबेल दिसणार. (पुणेकरांनी हलकं घ्यावं.) मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर ते बिचारं तक्रारही करत नाही, जो नंबर मावत नाही त्याच्या जागी गुपचूप २१४७४८३६४७ लिहून मोकळं होतं. मग अख्ख्या गावाचा फोन नंबर एकच. २१४ हा अमेरिकेत डॅलसचा एरिया कोड आहे, तेव्हा टेक्सासमधल्या कोणाच्या तरी नावावर जगभरातली किती गिऱ्हाइकं जमा झाली असतील देव जाणे.

एक्सेलचं दुखणं वेगळंच. शून्यानं सुरू होणारा लँडलाइन नंबर टाकला की शून्य गायब. ९१ लावून मोबाईल टाकला आणि कॉलम अरुंद असला की ९.१९ई+११ असलं काहीतरी. फाइल तशीच सीएसव्ही करून पाठवली की शेवटचे आकडे कायमचे गेले. असो. यावर उपाय सोपा आहे: टेक्स्ट कॉलम घ्या, +९१ सकट पूर्ण नंबर ठेवा (आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे देशाच्या कोडसकट जास्तीत जास्त १५ आकडे), गूगलची लिबफोननंबर नावाची फुकट लायब्ररी आहे ती वापरा. त्याच लायब्ररीबरोबर एक मजेदार यादी येते, प्रोग्रामर लोकांच्या फोन नंबरांबद्दलच्या भ्रामक समजुतींची. वाचा एकदा, निम्म्या आपल्याच आहेत.

दुसरी भानगड म्हणजे नियम बदलत राहतात आणि कोड लिहिणारा ते कायमचे समजतो. मामाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाईल नंबर ९, ८ किंवा ७ ने सुरू झालाच पाहिजे अशी अट होती. ६ ने सुरू होणारे नंबर येऊन कितीतरी वर्षं झाली! ज्याच्याकडे असा नंबर, तो गिऱ्हाईकच नाही. काउंटरवरचा पोरगा हुशार, तो सहाच्या जागी नऊ टाकून बिल काढायचा. म्हणजे 'व्हॅलिडेशन' मुळे डेटा शुद्ध नाही झाला, खोटा झाला. २००३ च्या नंबरिंग योजनेनंतर एसटीडी कोड आणि नंबर मिळून दहा आकडे हे गणित बसलं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन लावताना पुढे शून्य लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं लँडलाइनच्या नंबररचनेतही मोठे बदल सुचवले. म्हणून फिरवायची पद्धत वेगळी आणि साठवायची पद्धत वेगळी हे आधीच मान्य केलेलं बरं. नंबरावरून गाव-जिल्हा ओळखायच्या भानगडीत तर पडूच नये. शेजारचा वाडा तालुका १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघरमध्ये गेला, पण त्यामुळे तिथल्या कोणाचा फोन नंबर बदलला नाही.

इथपर्यंत सगळं तांत्रिक. याला औषध आहे. खरा त्रास पुढे आहे, आणि तो समजायला शहापूर-मुरबाडचा नकाशा थोडा डोळ्यांपुढे हवा.

मोबाईल कंपन्यांच्या हिशोबात मुंबई सर्कल म्हणजे मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण. शहापूर आणि मुरबाड मात्र महाराष्ट्र सर्कलमध्ये. आसनगावहून सकाळची लोकल पकडून कल्याणला कामाला जाणारा माणूस टिटवाळ्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी रोज सरहद्द ओलांडायचा. तिथून पुढे रोमिंग, इनकमिंगलाही पैसे. २०१६ मध्ये जिओ आलं आणि त्यानंतर बाकीच्यांनीही रोमिंगचे पैसे सोडले, तोवर हे असंच चालू होतं. त्यावरचा देशी उपाय म्हणजे दोन सिम. एक मुंबईचं, एक महाराष्ट्राचं. माझ्या बाबांकडे अशी दोन होती. ऑफिसच्या लोकांना एक नंबर ठाऊक, गावच्या लोकांना दुसरा. आता सांगा, बाबा म्हणजे एक गिऱ्हाईक की दोन? मामाच्या सॉफ्टवेअरच्या मते दोन. पुढे २० जानेवारी २०११ ला देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली आणि जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर नेता यायला लागला. त्यामुळे सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी किंवा सर्कल ओळखणारे सगळे तक्ते रद्दी झाले. (तरी ते अजून नवीन कोडमध्ये सापडतात. कोण कुठून चिकटवतं कळत नाही.)

आणि नंबर मरतात. हे शहरातल्या लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण आपला कॉलेजातला नंबर आजही तोच असतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १२२ लायसन्स रद्द केली. २०१७ च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सनं मोबाईलचं दुकान आवरलं, २०१८ मध्ये एअरसेल बुडाली. दर वेळी ज्यांना वेळेत पोर्ट करायला जमलं नाही त्यांनी मिळेल ते नवं सिम घेतलं. त्यावर कळस म्हणजे २०१८ च्या शेवटी मोठ्या कंपन्यांनी दर महिन्याला किमान रिचार्ज सुरू केला. एकदा पैसे भरून 'लाइफटाइम' इनकमिंग घेतलेल्यांचं लाइफ तिथेच संपलं. नियम असा की ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि बंद झाल्यावर आणखी ९० दिवसांनी तोच नंबर दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये यावरची एक याचिका सर्वोच्च न्यायालयात आली होती. असा नंबर दुसऱ्याला द्यायला न्यायालयानं कंपन्यांना मनाई केली नाही, जुना डेटा पुसायची काळजी ग्राहकानं घ्यावी असं म्हटलं.

आता हे ९० दिवसांचं गणित कातकरी वाडीवर लावून बघा. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, भिवंडी-कल्याणच्या बाजूला. परत येतात पावसाच्या तोंडावर. सहा-सात महिने. भट्टीवर रिचार्ज करायला पैसे असतातच असं नाही, आणि भट्टीवाल्याच्या फोनवर काम भागतं. जूनमध्ये परत येऊन तोच माणूस मामाकडे 'कर्जत-३' ची पिशवी मागतो, तोवर त्याचा नंबर कदाचित नाशिकच्या कोणा मुलीच्या खिशात असतो. सॉफ्टवेअरला यातलं काही ठाऊक नाही. त्याला फक्त एवढं दिसतं की नंबर दहा आकडी आहे, बरोबर आकड्यानं सुरू होतोय, हिरवी टिकमार्क. आणि मग १५ तारखेला उधारीची आठवण आपोआप जाते: अमुक अमुक, तुमच्याकडे दुकानाची इतकी बाकी आहे. नाव आणि रकमेसकट. परक्या माणसाला.

व्यापारी एसएमएस पाठवायचा तर २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याची नोंदणी लागते, मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मामानं ते सगळं केलं होतं. म्हणजे मजकुरातला स्वल्पविरामही अधिकृत. नंबर कोणाचा एवढंच कोणी विचारलं नाही.

याची दुसरी बाजू माझ्या मामेबहिणीनं भोगली. नवीन सिम घेतलं आणि दोन आठवड्यांत एका फायनान्स कंपनीचे वसुलीचे फोन सुरू. सिमच्या आधीच्या मालकानं मोटरसायकलचे हप्ते थकवले होते. ही रोज सांगायची, तो मी नव्हे. पलीकडची बाई रोज म्हणायची, ठीक आहे मॅडम, नोंद करते. आणि दुसऱ्या दिवशी दुसरी बाई. मला खात्री आहे की त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या स्क्रीनवर 'हा नंबर या माणसाचा नाही' असं नोंदवायला बटणच नसणार. रिमार्कमध्ये काहीतरी टाईप करत असतील आणि डायलर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच नंबर फिरवत असेल. पाच महिन्यांनी पोरीनं सिम फेकलं. आता ते पुन्हा कोणाला तरी मिळालं असेल.

पण मामाच्या दुकानात सगळ्यात वाईट झालं ते 'युनिक'मुळे. दोन भाऊ, वाटणी झालेली, सातबारा वेगळे, चुली वेगळ्या. फोन मात्र एकच, थोरल्याच्या मुलाचा. वहीत दोन पानं होती. सॉफ्टवेअरमध्ये धाकट्याचं खातं उघडताना नंबर टाकला तर ते म्हणालं, हे गिऱ्हाईक आधीच आहे, आणि थोरल्याचं खातं उघडून दिलं. काउंटरवर गर्दी, पोरानं त्यातच बिल काढलं. हंगामभर धाकट्याचं खत थोरल्याच्या नावावर चढत गेलं. भात विकल्यावर थोरला हिशोबाला आला आणि बाकी बघून चक्रावला. धाकट्यावर चिडला की माझ्या नावावर उधारी करतोस? वाटणीच्या वेळचे सगळे जुने विषय निघाले. दुकानात नाही, घरी निघाले, ते जास्त वाईट. मामानं जुनी बिलं सह्यांसकट काढून दोघांना समोर बसवलं तेव्हा मिटलं. मिटलं म्हणजे हिशोब मिटला. ते भाऊ पोळ्याला एकत्र बसले की नाही मी विचारलेलं नाही.

हा माझ्यामते बगच आहे, 'एज केस' वगैरे नाही. एका नंबरावर अनेक माणसं ही आपल्याकडची साधी नेहमीची गोष्ट आहे, आणि सरकारी सिस्टीमला ती कळली आहे! कोविनवर एका मोबाईलवरून चार जणांची नोंदणी व्हायची, जानेवारी २०२२ मध्ये ती सहा केली. राज्याच्या ई-पीक पाहणी ॲपवर एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. सरकारी वेबसाइटना आपण इतकी नावं ठेवतो, पण इथे त्यांनी माणसं पाहून डिझाइन केलंय. आपण केलं नाही.

खरं तर मामाच्या वहीतही ते होतं. वही चाळताना मला जुन्या पानांवर नंबरापुढे 'पीपी' असं लिहिलेलं दिसायला लागलं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी लग्नपत्रिका किंवा व्हिजिटिंग कार्ड असेल त्यांनी बघा, नंबरापुढे कंसात पीपी सापडेल. म्हणजे फोन आमचा नाही, शेजारचा आहे, बोलावून देतात. ज्या काळी गावात चार फोन होते त्या काळात लोकांनी दोन अक्षरांत नंबर आणि माणूस यांचं नातं लिहून ठेवलं होतं. मामानं त्यावर स्वतःची भर घातली होती: 'पीपी, किराणावाला', 'सुनेचा', 'रात्री ८ नंतर', 'हा नंबर गेला'. आम्ही ती वही 'डिजिटल' केली तेव्हा हे सगळं गाळून फक्त दहा आकडे घ्यायचे होते, कारण फॉर्ममध्ये तेवढीच जागा होती. माहिती पुढे जायला हवी होती, ती मागे गेली.

मी ते बिलिंग सॉफ्टवेअर बदलू शकत नव्हतो. कंपनीला तीनदा मेल केला, उत्तर आलं की पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. शेवटी बाजूला एक छोटा डेटाबेस केला आणि बिलिंगमध्ये मोबाईलच्या जागी आमचा स्वतःचा खाते क्रमांक टाकला, वहीतला पान नंबरच. त्यात तीन टेबलं. माणूस. फोन. आणि दोघांना जोडणारं तिसरं, ज्यात सगळी मजा आहे: फोन कोणाचा, कोण उचलतं, निरोप ठेवला तर चालतो का, बाकीची रक्कम या नंबरवर सांगायची का, आणि शेवटचं बोलणं कधी झालं. शेवटच्या तारखेला १८० दिवस उलटले की तो नंबर आपोआप 'संशयित' होतो आणि त्यावर रक्कम जात नाही. ९० अधिक ९०, सरळ हिशोब.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, हे ओव्हर-इंजिनिअरिंग आहे, काउंटरवर एवढं कोण भरणार. बरोबर आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात कोणी भरत नाही. पण पोरगा एकच प्रश्न विचारतो: "फोन कोन उचलतो?" बाकीचं फावल्या वेळात भरलं जातं. त्याचं दुसरं म्हणणं की मोबाईल हीच एकमेव गोष्ट प्रत्येकाला पाठ असते, म्हणून ती ओळख. शोधायला वापरा की! नंबर टाकला की त्यावरची चार नावं दिसू देत, त्यातलं एक निवडा. शोधायची किल्ली वेगळी आणि ओळख वेगळी, हे आपण दुसऱ्या वर्षाच्या डीबीएमएसच्या पेपरात लिहून आलोय.

आणि कायदाही हळूहळू याच दिशेनं चाललाय. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना बजावलं की मोबाईल नंबर दिला नाही म्हणून माल किंवा सेवा नाकारू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात स्वतःची माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि पुसून घ्यायचा हक्क आहे. पण हक्क वापरायला माणसाला आधी कळलं पाहिजे ना की त्याचं नाव परक्या नंबराला चिकटलंय. वाडीवरच्या माणसाला ते कोण सांगणार, आणि कुठल्या नंबरवर?

ओटीपीचा प्रश्न मात्र माझ्या तीन टेबलांनी सुटलेला नाही. दुकानापुरतं ठीक आहे, पण बँकेत, अनुदानाच्या पोर्टलवर नंबर म्हणजेच माणूस. दुकानात रोज कोणी ना कोणी येतो आणि मामाला म्हणतो, शेठ, तुमचा नंबर टाकू का, त्यावर मेसेज येईल. मामा हो म्हणतो. मी त्याला सांगितलं की हे धोक्याचं आहे, उद्या काही झालं तर तुझ्यावर येईल. तो म्हणाला, "अरे, मग त्यानं जायचं कुठं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा.

सध्या त्या जोडणाऱ्या टेबलात 'कोण उचलतं' खाली लिहिलेल्या काही नोंदी अशा आहेत. 'मुलगी, शाळा सुटल्यावर.' 'टाकीजवळ गेला तर लागतो.' 'भट्टीवर, मुकादमाचा, रक्कम सांगू नये.' 'सून उचलते, सासऱ्याला देत नाही.' बावीस गिऱ्हाइकांपुढे फोनच नाही. पोरानं विचारलं होतं, तिथे दहा शून्यं टाकू का. मी म्हटलं, रिकामं ठेव. बिल निघतं.